आपत्तीनंतर गावात दिवे लावायचे असतील तर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. घरं कोसळली, मागोमाग आगी लागल्या, नागाता भागातल्या गल्ल्याच्या गल्ल्या जळून गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहराच्या मध्यभागी, जुन्या परदेशी वसाहतीच्या रस्त्यावर, लाकडी चौकटींवर रंगीत दिवे जडवलेल्या उंच कमानी एकामागोमाग एक उभ्या राहिल्या. दक्षिण इटलीतल्या गावांत संतांच्या जत्रेला अशी रोषणाई करतात. वालेरिओ फेस्ती आणि इमाओका हिरोकाझु यांनी ती कोबेत उभी केली आणि तिचं ‘लुमिनारिए’ हे नावही तसंच ठेवलं. अकरा दिवसांत सुमारे २५ लाख लोक येऊन गेले. खरं तर हे एकदाच करायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी लोकांनीच ते मागून घेतलं. मग २०१९ पर्यंत दर डिसेंबरला होत राहिलं, कोविडमुळे खंड पडला आणि २०२४ पासून जानेवारीत पुन्हा सुरू झालं.

कोबेत आणखी एक उजेड आहे, आणि नव्याने हे काम करणाऱ्याने तो आधी पाहावा असं मला वाटतं. १७ जानेवारीच्या पहाटे हिगाशी युएन्ची नावाच्या बागेत लोक बांबूच्या नळकांड्यांत पाणी घालून त्यावर छोट्या मेणबत्त्या लावतात. त्या मांडणीतून १.१७ हे आकडे उमटतात. ५ वाजून ४६ मिनिटांनी सगळे स्तब्ध उभे राहतात. लुमिनारिएच्या कमानी बघत निघालेली गर्दी वर्षानुवर्षं याच बागेत येऊन पोचायची. म्हणजे बाग एकच, पण दुःखाचा दिवा वेगळ्या दिवशी आणि एकत्र जमण्याचा दिवा वेगळ्या दिवशी. आपल्याकडे हे दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायचा प्रयत्न होतो. श्रद्धांजली, भाषणं, रोषणाई, वाद्यवृंद, सगळं एकत्र. त्यात ज्यांचं माणूस गेलंय त्यांना धड रडताही येत नाही आणि मुलांना धड हसताही येत नाही.

माळीण, तळिये, इर्शाळवाडीच्या दरडी, कोल्हापूर-सांगलीचा पूर. अशा प्रत्येक ठिकाणी काही महिन्यांनी कुणी शिक्षक, कुणी कलाशाखेचा विद्यार्थी, कुणी गावातलाच शहरात नोकरीला गेलेला मुलगा म्हणतो, ‘लोकांसाठी काहीतरी करू या.’ त्यातल्या ज्यांना दिव्यांतून काही करावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दिव्यांनी मनाचा आजार बरा होत नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. दिव्यांमुळे एवढं होतं की संध्याकाळी दार लावून बसलेलं माणूस बाहेर येतं, रिकाम्या हातांना काम मिळतं, आणि जिथे फक्त वाईट घडलं त्या जागेची दुसरी एखादी आठवण तयार होते. ज्याला झोप लागत नाही, जो जेवत नाही, जो जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, त्याला डॉक्टरांची गरज आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक तुमच्या गटातल्या प्रत्येकाकडे असू द्या.

पहिली पायरी: आधी घरातला आणि वाटेवरचा दिवा

लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतील, शेडमध्ये रात्री वीज जात असेल आणि तुम्ही चौकात रोषणाई केली, तर ती त्यांना टोचेल. म्हणून निवाऱ्यातल्या बाया शौचालयाला कोणत्या वाटेने जातात, पाणी कुठून आणतात, म्हातारी माणसं कुठे अडखळतात हे रात्रीच्या वेळी स्वतः चालून बघा. त्या वाटेवर चार सौर दिवे लावणं हीच तुमची पहिली सार्वजनिक कलाकृती समजा. त्याने लोकांना कळतं की हे लोक फोटो काढून जायला आलेले नाहीत.

दुसरी पायरी: ऐकणं

पहिल्या भेटीत वही, कॅमेरा, संकल्पचित्र काहीही नेऊ नका. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांना भेटा: आशाताई, शाळेचे गुरुजी, बचत गटाच्या अध्यक्षा, भजनी मंडळातले बुवा. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्या प्रत्येक घरी जा. सभा बोलावून ‘सगळ्यांना चालेल ना?’ असं विचारलं की सभेत कुणी नाही म्हणत नाही. घरी, चहाच्या वेळी, कुणी म्हणेल, ‘दिवे लावा, पण वाजवू नका काही.’ कुणी म्हणेल, ‘आमचं घर होतं तिथे नको.’ परत आल्यावर ही वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवा. तुमचा आराखडा त्यांतूनच तयार होणार आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण इथे उपयोगी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, ११ मार्च २००२ ला, तिथे ८८ प्रखर झोतदिव्यांतून दोन निळसर खांब आभाळात सोडले गेले. त्या कल्पनेचं आधीचं नाव ‘टॉवर्स ऑफ लाइट’ होतं. गेलेल्यांच्या कुटुंबीयांना ते पटलं नाही. त्यात इमारतींची आठवण होते, माणसांची नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. नाव बदलून ‘ट्रिब्यूट इन लाइट’ केलं गेलं. मोठमोठ्या कलाकारांनी आणि वास्तुविशारदांनी दिलेलं नाव कुटुंबीयांच्या एका हरकतीवर बदलू शकतं, तर आपल्या कार्यक्रमाचं नाव गावाला विचारून ठरवायला अडचण नसावी.

तिसरी पायरी: दिवस ठरवणं

आपल्याकडची अडचण अगदी साधी आहे. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची, तळियेची २२ जुलै २०२१ ची, इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. तिन्ही स्मृतिदिन भर पावसात येतात. सह्याद्रीच्या उतारावर जुलैत उघड्यावर वीज नेणं धोक्याचं, आणि लोकांच्या मनात तर त्या दिवसांत पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर भीती असते. म्हणून कोबेसारखी विभागणी करा. स्मृतिदिनाला घरटी एक पणती, उंबऱ्यात किंवा समाजमंदिराच्या छपराखाली, एवढंच. मोठी मांडणी पाऊस सरल्यावर. त्रिपुरी पौर्णिमा त्यासाठी फार चांगली. देवळाच्या दीपमाळेवर दिवे चढवायची सवय गावाला आहेच, हवा कोरडी असते, आणि त्या दिवसाला दुर्घटनेची छाया नसते.

काही गावांत तारीख आणि तिथी यांचाही प्रश्न येतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना. सरकारी कार्यक्रम तारखेला होतो, घरातलं श्राद्ध तिथीला होतं, आणि सणाची आठवण तिसरीच. कोणता दिवस धरायचा हे कुटुंबांना ठरवू द्या. पहिलं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मोठी रोषणाई करू नये, असं माझं मत आहे. त्या वर्षी घरात सणच नसतो.

चौथी पायरी: जागा

जिथे दुर्घटना घडली नेमकी तीच जागा बाहेरच्या माणसाला खुणावते. थांबा. इर्शाळवाडीत शोधकार्य थांबवलं तेव्हा अनेक जण ढिगाऱ्याखालीच राहिले होते. त्या लोकांसाठी ती जमीन स्मशान आहे. तिथे पाऊल टाकायचं की नाही, चपला घालून जायचं की नाही, हे ते सांगतील तसं. पुराच्या गावात नदीत दिवे सोडायची कल्पना छान वाटते, पण ज्या पाण्याने घर नेलं त्या पाण्याजवळ रात्री जायला अनेकांचं मन घेत नाही. विचारूनच करा, आणि करायचं ठरलंच तर पानांचे द्रोण आणि कणकेचे दिवे वापरा. थर्मोकोल नको.

कधी कधी मात्र बंद पडलेली जागा उघडणं हीच खरी गरज असते. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग कुंपण घालून बंद केला गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘लक्ससिटी’ नावाने एका रात्रीपुरता कार्यक्रम झाला. वास्तुकला शिकणाऱ्या मुलांनी प्रकाशाच्या मांडण्या केल्या. टांगायला इमारती उरल्या नव्हत्या, म्हणून पाडकामासाठी आणलेल्या क्रेनांनाच त्या टांगल्या. हजारो लोक ती रात्र आपल्याच शहरात फिरले. ज्या यंत्रांनी रोज शहर पाडलं जात होतं, त्यांनाच प्रकाश उचलून धरायला लावलं, हे मला आजवरच्या अशा सगळ्या कामांतलं सर्वांत सुंदर सुचणं वाटतं. तुमच्याकडे असं काय आहे याचा विचार करा. जेसीबी, टँकर, मदतकार्यातल्या ताडपत्र्या. लोकांनी हो म्हटलं तर.

पाचवी पायरी: दिवे गावाने बनवायचे

या सगळ्या खटाटोपात खरं काम इथे होतं, म्हणून इथे वेळ काढा. डेकोरेटरला बोलावून एका दिवसात माळा लटकवता येतात. त्यातून गावाला काही मिळत नाही. त्यापेक्षा महिनाभर, आठवड्यातून दोन दुपारी, शाळेच्या पडवीत कंदील बनवायला बसा.

बांबू जवळपास मिळतो, आणि बहुतेक तालुक्यांत एखादं तरी बुरूड कुटुंब असतं. त्यांना योग्य मजुरी देऊन शिकवायला बोलवा. कामट्या काढायच्या, रात्रभर भिजवायच्या, दोऱ्याने बांधायच्या. वरून पतंगाचा कागद किंवा बटर पेपर, चिकटवायला घरची खळ. दव पडणार असेल तर कागदाऐवजी पातळ सुती कापड ताणून लावा. कुणी आपणहून आईचं जुनं लुगडं घेऊन आलं तर त्याचा कंदील करा. तुम्ही होऊन कुणाकडे असं काही मागू नका. हात कामात असले की बोलणं आपोआप सुरू होतं. कुणी घडलेलं सांगायला लागलं तर फक्त ऐका. प्रश्न विचारून खोलात जाऊ नका, आणि ‘देवाची मर्जी’, ‘आता पुढे बघा’ असं काही म्हणू नका. एखादीने महिनाभर येऊन एक शब्दही काढला नाही, तरी तिचं येणं पुरेसं आहे.

लहान मुलं दरडीचं चित्र कंदिलावर काढतील. काढू द्या. मोठी माणसं ते झाकायला बघतात, त्यांना हळूच थांबवा.

गेलेल्यांची नावं कंदिलावर लिहायची का? प्रत्येक कुटुंबाची वेगळी परवानगी घ्या. जे बेपत्ता आहेत त्यांचं नाव लिहिणं म्हणजे ते गेले असं मान्य करणं, असं काही घरांना वाटतं. त्यांच्यासाठी नाव नसलेला कंदील ठेवा. देणगीदाराचं, पक्षाचं किंवा संस्थेचं नाव एकाही कंदिलावर येता कामा नये. यात तडजोड नको.

रंगाचंही गावालाच विचारा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत १४ जून २०१७ ला ७२ जण गेले. तिथल्या लोकांनी हिरवा रंग आपला मानला आणि पहिल्या स्मृतिदिनी आसपासच्या इमारती हिरव्या उजळल्या. आपल्याकडे एखादा रंग कुठल्या पक्षाचा किंवा समाजाचा समजला जाईल का, हेही बघावं लागतं. शंका असेल तर पणतीच्या ज्योतीसारखा पिवळसर उजेड निवडा. दुकानात २७०० ते ३००० केल्विनचे एलईडी मागा. पांढराफटक, निळसर प्रकाश इस्पितळाची आठवण देतो. लाल-निळे फिरते दिवे अजिबात नकोत, ते रुग्णवाहिकेचे आणि पोलिसांच्या गाडीचे असतात. लुकलुकणारे दिवेही टाळा. जलद उघडझाप काहींना फिट आणू शकते.

सहावी पायरी: वीज आणि आग

गावातल्या कामाला १२ व्होल्टची व्यवस्था सर्वांत सुरक्षित. मुलांनी हात लावला तरी शॉक बसत नाही. हिशेब असा. एका कंदिलात १ वॅटचा एलईडी धरला तर २०० कंदिलांना २०० वॅट. चार तास लावायचे तर ८०० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण साध्या लेड-अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे ६००. तेव्हा दोन बॅटऱ्या हव्यात. सगळे कंदील एकाच लांब वायरीवर घेऊ नका. २०० वॅटला १२ व्होल्टवर जवळजवळ १७ अँपिअर प्रवाह लागतो, वायर तापते आणि टोकाचे दिवे मंद पडतात. पन्नास-पन्नासचे गट करा, बॅटरी गटांच्या मध्ये ठेवा, प्रत्येक गटाला बॅटरीजवळच फ्यूज लावा. बॅटऱ्या लाकडी खोक्यात, लहान मुलांपासून दूर.

घरगुती २३० व्होल्ट वापरायची वेळ आलीच तर काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, जोड जमिनीवर पडू देऊ नका आणि महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज द्या. आकडा टाकून वीज घेऊ नका. जनरेटर शक्यतो नको. त्याच्या घरघरीने दरड अनुभवलेल्या माणसाच्या काळजात धस्स होतं. याच कारणाने फटाकेही नकोत, एकसुद्धा.

खऱ्या ज्योती लावायच्या तर कोबेसारख्या पाण्यावर लावा: बांबूचं पेर, अर्धं पाणी, वर तरंगती मेणबत्ती. ज्योत खाली आली की पाण्यात विझते. जवळ वाळूच्या बादल्या आणि ओली पोती असू द्या. आभाळात सोडायचे कागदी दिवे पूर्णपणे टाळा. ते कुठे पडतील सांगता येत नाही, कार्तिकात गवत वाळलेलं असतं, आणि मुंबईत तर पोलिसांनी वेळोवेळी त्यांच्यावर बंदी घातली आहे.

प्रखर झोत वर सोडायचा मोह होतो. न्यूयॉर्कच्या त्या खांबांत स्थलांतर करणारे पक्षी अडकून घिरट्या घालत राहतात असं दिसून आलं. तेव्हापासून तिथे पक्षी मोजणारे लोक बसतात, आणि झोतात हजारावर पक्षी दिसले की दिवे वीस मिनिटं बंद ठेवतात. जंगलाला लागून असलेल्या गावात उजेड खाली वळवा आणि दहाच्या आत मालवा.

सातवी पायरी: कागदपत्रं आणि गर्दी

ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याला लेखी कळवणं, जागा वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी, शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र. दोन महिने आधी लागा. गर्दीसाठी कोबेचा नियम सोपा आहे: चालण्याची दिशा एकच. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये उलट फिरायचं नाही. पायऱ्या आणि उतार यांवर स्वयंसेवक उभे करा.

खर्चासाठी लुमिनारिएत प्रत्येक येणाऱ्याकडून १०० येन मागायची पद्धत पडली. आपल्याकडे दहा रुपयांची पेटी ठेवायला हरकत नाही. पण गावातल्या माणसाने त्यात काही टाकावं अशी अपेक्षा नको, आणि पेटीवर दोन कुलपं, दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या.

आठवी पायरी: ती संध्याकाळ

व्यासपीठ नको. ते असलं की खुर्च्या येतात, मग पाहुणे, मग हार. आमदार, सरपंच, तहसीलदार आले तर त्यांनी इतरांसारखा एक दिवा लावावा आणि चालावं. हे आधीच भेटून नम्रपणे सांगा, ऐनवेळी नव्हे.

दिवेलागणीला सुरुवात करा, अंधार पूर्ण पडायच्या आधी. पहिला दिवा कुणी लावायचा हे कुटुंबांनी ठरवलेलं असावं. दिवे एकदम बटणाने न लावता एकेका घराने आपापला लावत जावा. त्याला अर्धा तास लागला तरी चालेल. अभंग म्हणायचे तर गावाच्याच भजनी मंडळाने, ध्वनिक्षेपकाशिवाय. गावात इतर धर्मांची घरं असतील तर त्यांचंही काही असू द्या, नाहीतर सगळ्यांनीच गप्प राहावं.

कडेला एक खोली किंवा मंडप अंधूक उजेडात ठेवा, तिथे पाणी, बसायला सतरंजी आणि ओळखीची दोन माणसं. कुणाला गुदमरल्यासारखं झालं तर तिथे आणून बसवा. रडणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही, हे पत्रकारांना आणि स्वतःच्या स्वयंसेवकांनाही सांगा. ड्रोन नको. जे आले नाहीत त्यांच्या दारावरून जाताना हाका मारू नका.

नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उतरवा. फाटके कंदील वाऱ्यावर हलत राहिलेले गावाने बघावेत असं होऊ नये. ज्याचा कंदील त्याच्या घरी द्या. बॅटऱ्या आणि वायरी ग्रामपंचायतीच्या नावे नोंदवून ठेवा. जमाखर्च पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, पावत्यांसकट.

महिन्याभराने पुन्हा एकदा घरोघर जा आणि पुढच्या वर्षी करायचं का ते विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाले तर गावातले पाच जण पुढे करा आणि तुम्ही मागे व्हा. कामट्या, खळ, बॅटरीचा हिशेब आता त्यांना येतो. दुसऱ्या कुठल्या गावावर अशी वेळ आली तर साहित्य आणि शिकवायला माणसं याच गावातून पाठवा. कोबेच्या हिगाशी युएन्ची बागेत २००० साली एक ज्योत पेटवली, ती अखंड तेवते. २०११ च्या त्सुनामीनंतर तिच्यावरून पेटवलेली ज्योत रिकुझेनताकाता या शहरात नेली. ती नेताना काय न्यावं, काय बोलावं, काय बोलू नये, हे ज्यांनी स्वतः भोगलं आहे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.